आजार ‘दिसतो’ म्हणणाऱ्याची परीक्षा

(तुर्भे येथे मंडळीचे सभासद व सहाय्यक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात मी कर्जत-खालापूरकडच्या वाड्यांमधील कामाचा अहवाल सांगते. यंदाचा अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे, तो घरी नेऊन सावकाश वाचा. आज मला वेगळ्या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय नाजूक आहे, आणि मंडळीत त्यावरून थोडी नाराजी आहे हेही मला ठाऊक आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचे एक प्रचारक बंधू आहेत. ते आज इथे नाहीत, म्हणून नाव घेत नाही. माणूस समोर उभा राहिला की त्याच्या शरीराच्या आत काय बिघडले आहे ते प्रभू आपल्याला दाखवतो, असे ते सांगतात. फुफ्फुसावरचा डाग, पोटातला खडा, रक्तातली साखर, सगळे दिसते. आपल्याच काही सहाय्यकांनी मोठ्या प्रेमाने सुचवले की या बंधूंच्या तीन सभा आपल्या वाड्यांमध्ये घ्याव्यात, खर्च ते देतील. समितीने उत्तर लिहिले: बंधूंनी जरूर यावे, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, वचन सांगावे. मात्र कोणाला कोणता आजार आहे किंवा नाही हे त्यांनी वाडीवर सांगण्याआधी इथे तुर्भ्यात एक साधी परीक्षा घेऊ, ती सर्वांच्या संमतीने ठरवू. बंधूंनी नकार कळवला. देवाची परीक्षा पाहणे पाप आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर दोन कुटुंबांनी मासिक मदत थांबवली. त्यातले एक कुटुंब आज या सभागृहात आहे, आणि ते आले याचा मला मनापासून आनंद आहे.

समितीने अशी अट का घातली, हे मला सांगायचे आहे.

वाडीवर आजारी माणसाचा पहिला प्रश्न काय असतो? ‘ताई, कोणतं औषध घेऊ?’ असा नसतो. ‘मला काय झालंय?’ हा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर जो देतो त्याच्या हातात पुढचे सगळे जाते. ठाकूर आणि कातकरी वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हे उत्तर भगत देत आला. तो तांदळाचे दाणे टाकतो, मोजतो आणि सांगतो की हे बाहेरचे आहे, हे देवाचे राहिले आहे, हे कोणी केलेले आहे. मी भगताची टिंगल करत नाही. रात्री दोन वाजता डोंगरावर दुसरे कोणीच नसते, तेव्हा तो असतो. पण त्याचे उत्तर चुकले तर चार-पाच दिवस जातात, आणि मुलाला मेंदूचा मलेरिया असेल तर तेवढे दिवस नसतात.

आता हीच गोष्ट आपल्या बाजूने कशी घडते तेही ऐका. एका वाडीतील एक बाई क्षयाच्या गोळ्या घेत होती. दुसरा महिना संपत आला होता, खोकला कमी झाला होता, वजन थोडे वाढले होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून ती एका प्रार्थनासभेला गेली. सभा आपली नव्हती, कोणाची होती ते मी सांगणार नाही. तिथे तिला सांगण्यात आले की तुझी छाती आता स्वच्छ दिसते आहे. बाईने घरी येऊन गोळ्यांची पाकिटे कणगीमागे ठेवून दिली. तिने मूर्खपणा केला असे म्हणू नका. तिला बरे वाटत होतेच, गोळ्यांनी मळमळत होते, आणि आता देवाच्या माणसाने आत बघून सांगितले होते. क्षयाचे औषध निदान सहा महिने घ्यावे लागते. खोकला थांबला तरी जंतू राहिलेले असतात, आणि मध्येच औषध सोडले की उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. आशाताईच्या लक्षात येईपर्यंत सात आठवडे गेले. बेडक्यात रक्त आले तेव्हा बाई स्वतःच उपकेंद्रावर आली. घरात तिची दोन लहान मुले एकाच गोधडीत तिच्याजवळ झोपत होती.

त्या सभेत कोणी मुद्दाम खोटे बोलले असे माझे म्हणणे नाही. ज्याने सांगितले त्याला कदाचित खरेच तसे वाटले असेल. म्हणूनच विचार करायचा आहे. प्रामाणिक माणसाला एखादी गोष्ट ‘दिसते’ आणि ती खरी नसते, असे होऊ शकते का? आणि हे ओळखायचे कसे?

ओळखण्याची उत्तम रीत आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात दाखवली गेली आहे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा अनेकांना त्यांच्या विज्ञानकथा आठवल्या. मला ही चाचणी आठवली. त्यांच्याबरोबर पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे होते. शाळांमधून दोनशे मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे गोळा केली. त्यातली शंभर मुले अभ्यासात हुशार, आणि शंभर मुले मतिमंद मुलांच्या शाळांतली. सर्वांच्या पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केले की प्रत्येकाला यातल्या चाळीस पत्रिका देऊ, कोणती पत्रिका हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची एवढेच सांगा.

बघा, हा आजच्या विषयाच्या किती जवळचा प्रश्न आहे. मूल समोर नाही, कागद समोर आहे, आणि कागदावरून मुलाच्या मेंदूविषयी सांगायचे आहे. आपल्या बंधूंसमोर निदान माणूस तरी असतो.

यातल्या काही गोष्टी लक्षात घ्या. खरे उत्तर आधीच माहीत होते, ते नंतर शोधायचे नव्हते. ते उत्तर सांगणाऱ्यापासून लपवलेले होते, आणि खूणगाठ संख्याशास्त्राच्या माणसांकडे होती. किती बरोबर आले म्हणजे यश मानायचे हे निकालाच्या आधी ठरले होते: चाळीसपैकी अठ्ठावीस. आणि सगळ्यात महत्त्वाचे, आपली स्पर्धा कोणाशी आहे हे स्पष्ट होते. स्पर्धा रुपयाच्या नाण्याशी होती. छाप पडला तर हुशार, काटा पडला तर मतिमंद, असे डोळे मिटून लिहीत गेले तरी चाळीसपैकी साधारण वीस बरोबर येतातच.

एक्कावन्न ज्योतिषांनी तयारी दाखवली. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगले उत्तर चोवीसचे होते. सरासरी आली १७.२५, म्हणजे नाण्यापेक्षाही थोडी कमी. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका मागून घेतल्या. त्यांची १०२ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मी.

यात कोणाची बदनामी झाली नाही. कोणाला लबाड म्हटले नाही. त्या सत्तावीस जणांत अनेक जण वर्षानुवर्षे लोकांना मनापासून सल्ला देणारे असतील, आणि लोक त्यांना ‘तुमचे अगदी खरे ठरले’ असे सांगतही असतील. तरी मोजल्यावर ते उरले नाही.

आता थेट शरीरात पाहण्याच्या दाव्याकडे येते. रशियातील सारान्स्क गावची नताशा देमकिना नावाची मुलगी. दहा वर्षांची असल्यापासून आपल्याला माणसांच्या आतले अवयव दिसतात असे ती सांगे. घराबाहेर रांगा लागत. सतरा वर्षांची होईपर्यंत तिचे नाव इंग्लंड-अमेरिकेत पोहोचले. इंग्लंडमध्ये टीव्हीवर दिसणारे एक डॉक्टर, ख्रिस स्टील, तिच्यासमोर बसले. तिने त्यांना पित्ताशयात खडे, मूत्रपिंडात खडे, यकृत आणि स्वादुपिंड वाढलेले असे सांगितले. बिचारे घाबरून गेले आणि पुढे सगळ्या तपासण्या करून घेतल्या. तिने सांगितलेले काही निघाले नाही. ते डॉक्टर होते, पैसे होते, दवाखाना हाताशी होता. आपल्या वाडीवरच्या माणसाला कोणी ‘तुझ्या पोटात गाठ दिसते’ म्हटले तर तो कर्जतला येऊन सोनोग्राफी कधी करणार? शेळी विकल्यावर.

मे २००४ मध्ये न्यूयॉर्क शहरात तिची चाचणी झाली. रे हायमन आणि रिचर्ड वाइजमन हे मानसशास्त्रज्ञ आणि अँड्र्यू स्कॉल्निक हे पत्रकार यांनी ती आखली. सात माणसे बसवली. सहा जणांच्या शरीरात ठळक, फोटोत दिसणारी एकेक गोष्ट होती: एकाच्या कवटीत धातूची पट्टी, एकाचा कृत्रिम खुबा, एकाच्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढलेला, एकाची अन्ननलिका काही भागात काढलेली, एकाच्या छातीत हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे धातूचे टाके, एकाचे अपेंडिक्स काढलेले. सातव्याला यातले काहीच नव्हते. कोणत्या गोष्टी शोधायच्या आहेत हे तिला आधीच सांगितले होते. कोणती गोष्ट कोणात आहे एवढेच जुळवायचे होते. सातपैकी पाच जुळल्या तर पुढे अधिक कडक चाचणी घेण्याजोगे काही आहे असे मानायचे, हे तिच्या बाजूच्या लोकांनीही मान्य केले होते.

चार तासांहून जास्त वेळ लागला. चार जुळल्या. कवटीतली धातूची पट्टी तिला सापडली नाही.

इथे मी दुसरी बाजूही सांगते, कारण ती सांगितली नाही तर आपण प्रामाणिक राहणार नाही. केंब्रिजचे नोबेल विजेते शास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसन यांनी या चाचणीवर टीका केली. नुसत्या अंदाजाने सातपैकी चार किंवा अधिक जुळण्याची शक्यता पन्नासात एकाच्या आसपास आहे, मग तिला नापास कसे म्हणता, असे त्यांनी विचारले. मी कागद-पेन्सिल घेऊन हा हिशोब करून पाहिला (माझा मुलगा बारावीत आहे, त्याची मदत झाली). तो बरोबर आहे: ५०४० जुळण्यांपैकी ९२, म्हणजे पंचावन्नात एक. पण हा हिशोब तेव्हाच लागू होतो जेव्हा समोरच्या माणसांकडे पाहून काहीच कळत नसते. ती त्यांना चार तास पाहत होती. खुबा बदललेला माणूस कसा बसतो, छातीची शस्त्रक्रिया झालेल्याचे वय काय असते, हे आपल्यालाही थोडे कळते. तेव्हा त्या चाचणीत फट राहिली होती असे मला वाटते, आणि ती फट मुलीच्या बाजूने होती. पुढे २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये एका स्त्रीची चाचणी झाली, तिथे फट बुजवली होती. दर फेरीला सहा माणसे पाठ करून बसलेली, त्यातल्या एकाचे एक मूत्रपिंड काढलेले. कोणाचे आणि कोणत्या बाजूचे ते सांगायचे. तीनपैकी एका फेरीत उत्तर बरोबर आले, ठरले होते तेवढे आले नाही.

हे परदेशी शास्त्रज्ञ, त्यांना प्रार्थनेचे काय कळणार, असे कोणाच्या मनात येत असेल. म्हणून आपल्या घरातलेही एक उदाहरण देते. अमेरिकेतील पीटर पोपॉफ हे ख्रिस्ती प्रचारक. हजारोंच्या सभेत ते अनोळखी माणसाला नावाने हाक मारत, त्याच्या घराचा पत्ता सांगत आणि कोणता आजार आहे तेही सांगत. देव आपल्याला कळवतो असे म्हणत. लोक औषधाच्या बाटल्या मंचावर फेकत. १९८६ साली जेम्स रँडी नावाच्या जादूगाराने आपले साथीदार रेडिओचे यंत्र घेऊन सभेत पाठवले. ३९.१७ मेगाहर्ट्झवर आवाज सापडला. तो प्रचारकांच्या पत्नीचा होता. सभेआधी लोकांशी गप्पा मारून, त्यांनी भरलेल्या प्रार्थनापत्रिका वाचून त्या बाई पतीच्या कानातल्या छोट्या यंत्रात सगळे सांगत होत्या. रँडीच्या गटातला डॉन हेनविक नावाचा एक टपाल कर्मचारी बाईचा वेष करून सभेला गेला होता. त्याचा गर्भाशयाचा कर्करोग बरा झाल्याचे जाहीर करण्यात आले. हसू नका, पुढचे ऐका. हे सगळे टीव्हीवर दाखवले गेले, पुढच्या वर्षी त्यांचे दिवाळे निघाले, आणि काही वर्षांनी ते पुन्हा टीव्हीवर आले, यावेळी चमत्काराचे पाणी घेऊन. लोकांनी ते मागवलेही. एकदा उघडे पडले म्हणून प्रश्न मिटत नाही, कारण दुखणे संपत नाही.

आपले बंधू असे काही करतात असा माझा मुळीच आरोप नाही. कानात यंत्र असायलाच हवे असे नाही. तुर्भ्यातल्या कोणत्याही सभेत चाळिशीपुढची शंभर माणसे बसली असतील आणि मी म्हटले की इथे कोणाचे तरी गुडघे दुखत आहेत, कोणाला पित्ताचा त्रास आहे, एका बहिणीला पाळीचा त्रास आहे पण ती बोलत नाही, तर किती हात वर होतील? खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला छातीचा त्रास आहे, मार्केटमध्ये गोणी वाहणाऱ्याची कंबर गेली आहे, हे सांगायला दर्शन लागत नाही. जे बरोबर आले ते आपण दहा जणांना सांगतो, चुकले ते उठेपर्यंत विसरतो. सांगणाऱ्याचेही तसेच होते. दहा वर्षे फक्त बरोबर आलेल्या साक्षी ऐकल्या तर मलाही वाटेल की मला दिसते.

शिवाय काही माणसांची नजर खरोखर तीक्ष्ण असते. आमच्या भागातला एक म्हातारा भगत पोराच्या पापणीची आतली बाजू पाहून ‘याच्यात रक्त नाही’ म्हणतो आणि ते बहुतेक वेळा खरे निघते. डॉक्टरही तेच बघतात. पण रक्त का नाही? जंत आहेत, खायला नाही, की सिकलसेल आहे? पापणीवरून ते कळत नाही. त्यासाठी बोटातून रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. भगताची चूक पापणी पाहण्यात नाही, तिच्यापुढे तो जे सांगतो त्यात आहे.

आपल्याच रायगड जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर तुम्हाला माहीत असतील. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांच्याकडे विंचू चावलेली माणसे येत. कोकणातला लाल विंचू. चावला की लोक आधी मांत्रिकाकडे नेत, आणि बरीच माणसे बरी होत, कारण प्रत्येक दंशात विष सारखे चढत नाही. त्यामुळे मांत्रिकाचे नाव टिकून राही. ज्यांना विष चढले ती मुले मात्र मरत. बावस्कर रोग्याच्या उशाशी रात्रभर बसले, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास सगळे लिहून ठेवत गेले, आणि विंचवाचे विष हृदयावर काय करते ते त्यांना उमगले. रक्तदाबाचे प्राझोसिन नावाचे औषध त्यांनी वापरले. त्याचा लेख १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला. मृत्यू झपाट्याने कमी झाले. माणसाच्या आत काय चालले आहे ते त्यांनीही पाहिले, पण जे पाहिले ते दुसऱ्या कोणालाही तपासता येईल असे लिहून ठेवले.

आता मुख्य आक्षेप. देवाची परीक्षा पाहू नये. हे पवित्र शास्त्रात आहे, अनुवादात आहे, आणि सैतानाला उत्तर देताना प्रभूनेच ते वापरले आहे. मी डिप्लोमाला असताना या उताऱ्यावर आमचा चांगला आठवडा गेला होता. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलतो का पाहू, हे देवाला कोंडीत पकडणे झाले. पण आपण कोणाची परीक्षा घेत आहोत? एका माणसाच्या बोलण्याची. आणि माणसाने देवाच्या नावाने केलेले बोलणे तपासावे, हेही त्याच अनुवादात आहे. आत्म्यांची पारख करावी हे योहानाच्या पत्रात आहे. सर्व गोष्टी पारखून चांगले ते धरावे असे पौल थेस्सलनीकाकरांस कळवतो.

लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपण उपासनेत क्वचितच वाचतो, कंटाळवाणा वाटतो. आरोग्यसेविकेला तो फार आवडेल. अंगावर डाग दिसला तर याजकाने काय करावे? लगेच निकाल द्यायचा नाही. डाग त्वचेच्या खाली गेला आहे का, केस पांढरे झाले आहेत का ते पाहायचे. शंका असेल तर सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा पाहायचे, मग आणखी सात दिवस. आणि आपला प्रभू काय करतो? कुष्ठरोग्याला बरे करतो आणि सांगतो, जा, स्वतःला याजकाला दाखव. दहा कुष्ठरोग्यांनाही तेच. ज्याने बरे केले त्यानेच तपासणीला पाठवले. त्यात त्याला अपमान वाटला नाही.

गिदोनाची लोकर आठवा. पहिल्या रात्री लोकर ओली आणि जमीन कोरडी. एवढ्यावर तो थांबला नाही. लोकर दव धरते, जमिनीवरचे लवकर सुकते, असेही असू शकते. म्हणून दुसऱ्या रात्री उलटे मागितले: लोकर कोरडी, जमीन ओली. भीत भीत मागितले, पण मागितले, आणि देव रागावला नाही. दानिएलाने तर दहा दिवसांची मुदत घालून, भाजी-पाणी खाणाऱ्या चौघांची तुलना राजाचे अन्न खाणाऱ्यांशी करा असे स्वतःहून सुचवले. तपासणीची मागणी समोरच्याने केली नव्हती, दानिएलानेच पुढे केली होती.

तेव्हा आपण बंधूंना काय सुचवले ते सांगते, कारण त्याविषयी उलटसुलट ऐकू येते. रक्तातली साखर दिसते असे ते म्हणतात, म्हणून तेच घेतले. वीस माणसे. दहा जणांना मधुमेह आहे, दहा जणांना नाही, दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेच्या अलीकडच्या रिपोर्टवरून पक्क्या. दोन्ही गटांत वय आणि अंगलट सारखी, म्हणजे जाड आणि वयस्कर ते सगळे एकीकडे असे होणार नाही. मंडळीबाहेरची माणसे, बंधूंच्या ओळखीची नाहीत. कोणी बोलायचे नाही. आमच्या एक नर्स भगिनी रिपोर्ट पाकिटात बंद करतील आणि त्या खोलीत थांबणार नाहीत. कोणाला मधुमेह आहे हे माहीत असलेले कोणीही खोलीत नको, कारण चेहऱ्यावरून कळते. बंधूंनी आधी हवी तेवढी प्रार्थना करावी, हवा तेवढा वेळ घ्यावा आणि मधुमेहाचे दहा जण निवडावेत. वीसपैकी सोळा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर आम्ही मान्य करू की यात काहीतरी आहे, आणि एकदा पुन्हा नव्या माणसांवर करून पाहू. नुसत्या अंदाजाने सोळा गाठण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास आहे. यातला कोणताही आकडा त्यांना कडक वाटला तर त्यांनी सुचवावा, पण आधी सुचवावा. निकाल काहीही आला तरी तो त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायचा नाही, हेही पत्रात लिहिले आहे.

यात प्रार्थनेची परीक्षा कुठेही नाही. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करायला समितीने कधी अट घातली नाही, घालणारही नाही. मी स्वतः वाडीवर रोज करते. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. लूक वैद्य होता. प्रार्थना आणि औषध एकाच झोळीत घेऊन फिरणारे आपण पहिले नाही.

कायद्याचे एका वाक्यात सांगते, कारण तरुण संघाने विचारले होते. डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणे हा गुन्हा आहे. साध्या प्रार्थनेला त्याने हात लावलेला नाही. पण कायद्याच्या भीतीने समितीने अट घातली असे मी म्हणणार नाही. कायदा नसता तरी घातली असती. भगताला आम्ही सांगतो की दाणे बघून क्षयाचे निदान करू नको, माणूस आधी आरोग्य केंद्रात पाठव. दोघा भगतांनी ते ऐकले आहे, एक तर स्वतः पेशंट घेऊन येतो. आता त्याच वाडीवर आपल्यातला कोणी दाण्यांशिवाय निदान करू लागला, तर त्या भगताला मी कोणत्या तोंडाने सांगू?

त्या बाईचे औषध पुन्हा सुरू झाले आहे. आधी जंतू औषधाला दाद देतात का याची तपासणी झाली. सुदैवाने देतात. मुलांनाही तपासून प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. शासनाकडून क्षयरोग्याला आहारासाठी महिन्याला एक हजार रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. ते खात्यात यायला उशीर होतो, तेवढे दिवस डाळ, शेंगदाणे आणि अंडी आपल्या निधीतून जातात. ज्या दोन कुटुंबांनी मदत थांबवली त्यांचे पैसे याच खर्चात जात होते. हे दोष देण्यासाठी सांगत नाही. पैसे कुठे जात होते ते त्यांना माहीत असावे एवढ्यासाठी सांगते.

बंधूंना लिहिलेले पत्र मागे घेतलेले नाही. त्याची एक प्रत खजिनदारांकडे आहे, ज्यांना वाचायची असेल त्यांनी मागून घ्यावी. बंधूंची कोणाशी भेट झाली तर आमचा सलाम सांगा आणि दार उघडे आहे म्हणून सांगा.

पुढच्या महिन्यात दोन वाड्यांवर सिकलसेल आणि क्षयाची तपासणी आहे. पहिल्या दिवशी रक्ताचा थेंब आणि बेडक्याचे नमुने, दुसऱ्या दिवशी घरोघरी. नर्स भगिनी दोघी मिळाल्या आहेत, तिसरी हवी आहे. नावे लिहायला, मुलांना रांगेत सांभाळायला, चढावर पेट्या वाहायला माणसे हवीत. गाडी पहाटे साडेपाचला इथूनच, चर्चच्या फाटकातून निघेल. नावे आज भगिनी मंडळाच्या वहीत द्या, आणि पायात चप्पल नको, बूट घाला. पावसाने वाट निसरडी आहे.